पंगतीचा उतारा



ऊस वजनकाट्यावर चढला की आपली नजर आकड्यावरून हलत नाही. उतारा किती पडला, भाव किती निघाला, तोडणी-वाहतूक किती कापली, हे आपण पैशापैशानं विचारतो; आणि विचारायलाच पाहिजे. पण हाच सभासद घरात कार्य निघालं की एकदम उदार होतो. "होऊ दे खर्च, एकदाच तर लगीन आहे!" मग हजार माणसांचं जेवण सांगताना ना वजन, ना काटा, ना उतारा. आचारी म्हणेल तो शिधा आणि केटरर म्हणेल तो ताटाचा दर.

लग्न साधं करा, माणसं बोलावू नका, असा उपदेश आम्हांस करावयाचा नाही. चार पाव्हणे जेवून गेल्याशिवाय कार्य पार पडल्यासारखं वाटत नाही, ही आपल्याकडची रीत आहे आणि ती चांगली आहे. सांगावयाचं आहे ते एवढंच की, जेवणाचाही उतारा असतो. मांडवात जेवढं शिजलं त्यातलं माणसाच्या पोटात नीट किती गेलं, तो उतारा. बाकीचं उकिरड्यावर गेलं, किंवा पोटात जाऊन माणसाला दवाखान्यात घेऊन गेलं, तर ते नुकसानच. हा उतारा वाढवणं आपल्या हातात आहे. त्याला कारखान्यासारखी यंत्रसामग्री लागत नाही. कार्याच्या आधी आठ दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं.

आधी डोकी, मग पदार्थ

बहुतेक घरांत सुरुवातच उलटी होते. आधी पदार्थ ठरतात, मग दर ठरतो आणि माणसं किती हे शेवटी अंदाजानं सांगितलं जातं. "सांगा हजाराचं, कमी नको पडायला." हा अंदाज भीतीतून आलेला असतो, हिशेबातून नव्हे.

डोकी मोजायची सोपी रीत अशी. पत्रिका किती वाटल्या त्यावरून माणसं मोजू नका. यादी घरटी करा. गावातलं घर असेल तर किती येतील, भावकीतलं असेल तर किती, परगावचं असेल तर किती मुक्कामी आणि किती फक्त अक्षतांपुरते, असे प्रत्येक घरापुढे आकडे मांडा. मुलं वेगळी मोजा. दहा वर्षांखालची दोन मुलं म्हणजे साधारण एक ताट. बँडवाले, मांडववाले, ड्रायव्हर, वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया यांचीही ताटं धरा. ती यादीत कधीच नसतात आणि शेवटी त्यांनाच गार भात मिळतो. एवढं केल्यावर जी बेरीज येईल तिच्यावर शंभराला पाच-सात ताटं वाढवा, जास्त नको.

कुर्डुवाडीच्या परिसरात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव जंक्शन आहे. तेव्हा स्टेशनचं नावच बार्शी रोड होतं. आज ती छोटी गाडी गेली, रूळ रुंद झाले. पण पुण्या-सोलापूरची वाट आणि लातूर-मिरजेची वाट अजूनही इथंच एकमेकींना छेदतात. म्हणून आपल्याकडचे पाव्हणे एकेक करून येत नाहीत, गाडीबरोबर घोळक्यानं येतात. गाडी तासभर लेट झाली की दोनशे माणसं एकदम मांडवात शिरतात, आणि तोवर पहिल्यांदा शिजवलेलं सगळं निवलेलं असतं. तेव्हा यादीत पाव्हण्याच्या नावापुढे त्याच्या येण्याची वेळही लिहा. स्वयंपाक त्या वेळेवर बेतायचा आहे, आचाऱ्याच्या सोयीवर नव्हे.

पदार्थ किती?

आमच्या मते पोटभरीच्या जेवणाला पाच-सहा पदार्थ पुरे. यात काटकसर आहेच, पण मुख्य कारण वेगळं आहे. कढई, चूल आणि हात ठरलेले असतात. पंधरा पदार्थ सांगितले की निम्मे पहाटेच करून ठेवावे लागतात, आणि पाव्हणा जेवायला बसतो दुपारी दोनला.

जिथं रोज हजारो माणसं जेवतात तिथं काय वाढतात ते बघा. आपल्याच जिल्ह्यात अक्कलकोटला स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळ १९८८ पासून भाविकांना जेवू घालतं. शिर्डीच्या प्रसादालयात तर एखाद्या मोठ्या गावाएवढी माणसं एका दिवसात जेवून उठतात. या ठिकाणी चाट नाही, मंचुरियन नाही. भात, वरण किंवा आमटी, पोळी, भाजी, थोडं गोड. मोजकंच, पण ताजं आणि ऊनऊन. ज्यांचा रोजचा धंदाच पंगतीचा आहे त्यांनी पदार्थ थोडे ठेवले, आणि वर्षातून एकदा पंगत घालणारे आपण मात्र पंचवीस मांडतो.

आज साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. दुष्काळी कामावरची सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले. अन्नाची ती किंमत ज्यांनी पाहिली, त्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांदेखत आज परातीच्या पराती ओतल्या जातात. ती बोलत नाहीत, पण बघतात.

आणि पदार्थ निवडताना जरा शेजारी बघा. ज्या माढे तालुक्यात सावता महाराजांचं अरण आहे, तिथं लग्नाच्या पानात परगावचं पनीरच हवं असं का? भेसळीची भीती आणि उन्हाळ्यात नासण्याची धास्ती, दोन्ही त्यात आल्या. आपल्याकडची वांगी, बार्शीच्या बाजारातली ज्वारी, लातूरकडची तूरडाळ, घरच्या शेंगा यांत काय कमी आहे? मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हा माल आपल्या मातीचा असल्याची सरकारी नोंद झाली. पुण्या-मुंबईचे पाव्हणे कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकत घेऊन जातात. ती मांडवातच वाढली तर त्यांना अप्रूपच वाटेल. कडक भाकरी आधी आठ दिवस करून ठेवली तरी नासत नाही. बचत गटाच्या बायांना सांगितलं तर पैसा गावातच राहतो. आइस्क्रीमऐवजी माणशी एक केळं ठेवा. साल हेच त्याचं वेष्टण. त्याला ना बर्फ लागतो ना चमचा.

शंभर माणसांचा शिधा

आचाऱ्याची यादी आली की ती ताडून बघायला आपल्याजवळ काही माप पाहिजे. पुरी, वांगं-बटाट्याची भाजी, आमटी, भात, बुंदी, शेंगाचटणी आणि मठ्ठा असा बेत धरला, तर दर शंभर माणसांमागे साधारण इतका कच्चा माल लागतो. हात सढळ की आखडता यावर थोडं मागं-पुढं होईल.

तांदूळ ८ ते १० किलो.
पुरीची कणीक १० किलो.
तूरडाळ ३ ते ४ किलो.
वांगी, बटाटे मिळून १२ ते १५ किलो.
तळणी आणि फोडणीचं तेल ४ ते ५ किलो.
बुंदीला बेसन अडीच किलो, साखर ४ किलो.
मठ्ठ्याला दही ७ किलो.
चटणीला शेंगदाणे दीड किलो.

हजार माणसं असतील तर दहापट करा. बुंदीची ४० किलो आणि हजार कप चहाची १० किलो मिळून साखर होते ५० किलो, म्हणजे बरोबर एक पोतं. कुणी तुम्हांला अशा बेताला तीन पोती सांगितली, तर उरलेली दोन कुठं गेली हे विचारायचा हक्क तुम्हांला आहे. गोडाचे तीन प्रकार केले म्हणून माणूस तिप्पट गोड खात नाही. तो तिन्ही थोडं थोडं घेतो आणि तिन्ही अर्धं टाकतो.

टाकलेल्याचाही हिशेब करून बघा. हजार माणसांनी पानात नुसता दोन घास, म्हणजे ५० ग्रॅम भात टाकला, तरी ५० किलो शिजलेला भात गेला. कच्च्या तांदळात मोजलं तर जवळजवळ २० किलो. उजनीच्या आवर्तनाचं पाणी एक दिवस लांबलं तर आपण रस्त्यावर उतरतो. त्याच पाण्यावर पिकलेलं धान्य मांडवामागच्या खड्ड्यात जाताना मात्र कुणी हटकत नाही. हे दुखणं आपलंच आहे असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. पण जगाचं जग बघेल. आपला मांडव आपण बघायचा.

घड्याळ आणि ऊन

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. आपल्याकडची बरीचशी लग्नं फेब्रुवारी ते मे या दिवसांत होतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात शिजलेलं अन्न कोमट होऊन पडून राहिलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात. वास येत नाही, चव बदलत नाही, आणि म्हणूनच माणूस फसतो. भात, घट्ट आमटी, दुधाची मिठाई आणि मटणाचा रस्सा यांना हा धोका जास्त.

गणित करून बघा. एका वेळी दोनशे माणसांची पंगत बसते आणि उठेपर्यंत पस्तीस मिनिटं जातात असं धरू. हजार माणसांच्या पाच पंगतींना जवळजवळ तीन तास लागले. अकराला भात उतरवला आणि अक्षता साडेबाराला पडल्या, तर शेवटच्या पंगतीला चार-साडेचार तासांचा शिळा भात मिळणार. बुफे केला म्हणून हे सुटत नाही. तिथं तर झाकण उघडंच असतं.

यावर उपाय जुन्या आचाऱ्यांना ठाऊकच आहे. सगळा भात एकदम टाकायचा नाही, घाण्याघाण्यानं टाकायचा. तांदूळ धुऊन, पाणी तापवून तयार ठेवलं की भात अर्ध्या-पाऊण तासात होतो. शेवटचे दोन घाणे हातात ठेवा. माणसं आली तर टाका, नाही आली तर तांदूळ पोत्यात परत. पुऱ्यांच्या कणकेचंही तसंच. यानं दोन्ही साधतं, अन्न ताजं राहतं आणि उरत नाही. आमटी, भाजी चुलीवर वाफाळती ठेवा. अन्न वाफाळतं असावं, म्हणजे ६० अंशांच्या वर, नाहीतर बर्फासारखं गार, ५ अंशांच्या खाली. मधली जागा घाताची. दोन तासांच्या वर कोमट राहिलेलं वाढू नये. उन्हाळ्यात बासुंदी, खव्याचे पदार्थ, दही घातलेली कोशिंबीर टाळावी हेच शहाणपणाचं.

कुणाला वाटेल, आमच्याकडं असं काही होत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात कोष्टवाडीच्या धार्मिक कार्यक्रमात एकादशीची भगर खाल्लेल्या सुमारे दोन हजार माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाले. त्याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाण्याच्या सप्ताहात भगर-आमटीच्या प्रसादानं शेकडो लोक आजारी पडले. दवाखान्यात जागा पुरेना, म्हणून उघड्यावर झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. ही माणसं आपल्यासारखीच भाविक. सप्ताह, काला, एकादशी आपल्याकडंही गावोगाव असतात.

भगरीला दमट हवेत बुरशी लवकर धरते आणि त्या बुरशीचं विष शिजवूनही पुरतं जात नाही. तेव्हा भगर सुटी, उघड्या पोत्यातली घेऊ नये. तारीख पाहून पाकीटबंद घ्यावी. तिचं पीठ दळून साठवू नये, लागेल तेवढंच ताजं दळावं. शेंगदाणेही बुरशीचे, काळे, कडवट असतील तर निवडून फेकावेत. चटणीत खपवू नयेत.

पाण्याचं तर विचारूच नका. टँकरचं पाणी असो की विहिरीचं, टाकी आधी घासून घ्या, क्लोरीन टाका, आणि पाणी काढायला दांड्याचं भांडं ठेवा. हाताला जखम असलेला किंवा पोट बिघडलेला आचारी-वाढपी त्या दिवशी स्वयंपाकापासून लांब ठेवा; मजुरी द्या, पण काम देऊ नका. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना स्वच्छ डब्यात झाकून फ्रीजमध्ये चोवीस तास ठेवा. दुर्दैवानं काही झालंच तर डॉक्टरांना कारण शोधायला तो उपयोगी पडतो. आणि त्रास दोघा-तिघांना जरी सुरू झाला तरी लपवू नका. मीठ-साखरेचं पाणी सुरू करा, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, १०८ ला फोन करा. अब्रू त्यानं जात नाही.

कंत्राट कागदावर

उसाची नोंद आपण कागदावर करतो, जेवणाची मात्र तोंडी. मग शेवटच्या दिवशी भांडण. दोन पद्धती चालतात. शिधा आपण भरायचा आणि आचाऱ्याला मजुरी द्यायची, किंवा ताटावर कंत्राट द्यायचं. पहिल्यात पैसा कमी लागतो पण घरातला एक माणूस कोठीवर बसवावा लागतो. दुसऱ्यात डोक्याला ताप कमी, पण ताटं मोजायला आपला माणूस हवाच.

ताटावर दिलंत तर विसार देण्यापूर्वी इतकं लिहून घ्या: पदार्थ कोणते, किती ताटं, वर लागली तर दर काय आणि कमी झाली तर किती सोडणार, वाढपी किती (पंगतीत पंचवीस-तीस माणसांमागे एक हवा), जेवण किती ते किती, ताटं कशी मोजायची, पाणी, भांडी, साफसफाई कुणाकडे, उरलेलं अन्न कुणाचं. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली केटररला नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याचा १४ आकडी क्रमांक मागून घ्यायला संकोच करू नका. पत्रावळ्यांचंही ठरवा. थर्माकोलची ताटं आणि प्लास्टिकचे ग्लास यांना महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे; पळसाच्या पानाची पत्रावळ उकिरड्यात गेली तर खत होते.

हे सगळं उधारीवर करू नका, एवढी हात जोडून विनंती. ऊसबिल यायचं आहे या भरवशावर व्याजानं पैसे काढून पंचवीस पदार्थ केले, तर पाव्हणे तासाभरात विसरतात आणि हप्ते दोन-दोन वर्षं फिटत नाहीत. पाच पदार्थांना पाव्हणा नावं ठेवील ही भीती आपलीच आहे. गार पुरी आणि आंबट वरणाला मात्र तो नक्की नावं ठेवतो.

उरलं तर?

इतकं करूनही थोडं उरतंच. उरलेलं चांगलं अन्न दोन तासांच्या आत, गरम असतानाच द्यायचं ठरवून ठेवा. कुणाला द्यायचं हे आदल्या दिवशीच बोलून घ्या. संध्याकाळपर्यंत पातेल्यात ठेवून मग "घेऊन जा" म्हणणं हे दान नव्हे.

फडात ऊसतोडीची टोळी असेल तर तिला उरलेलं पाठवू नका. टोळीची माणसं यादीतच धरा आणि पहिल्या-दुसऱ्या पंगतीला बोलवा. आपला ऊस त्यांच्या कोयत्यावर कारखान्यात येतो. पाव्हणे म्हणून बसायचा त्यांचा मान आहे.

आणि उष्टा भात, पुऱ्या, बुंदी घमेलं भरभरून जनावरांपुढे ओतू नका. जनावराला ते गोड लागतं, ते हावरटासारखं खातं. पण एवढं शिजलेलं धान्य आणि साखर एकदम पोटात गेली की आम्ल वाढतं, रवंथ बंद पडतो, पोट फुगतं. कार्याच्या दुसऱ्या दिवशी दावणीची दुभती म्हैस गेली, तर ताटाचा खरा दर केवढ्याला पडला? उष्ट्याचा खड्डा करा, माती-शेणकाला टाका, कंपोस्ट होऊ द्या.

हाच नियम आपल्या सार्वजनिक कार्यांनाही लावता येईल. गळिताची मोळीपूजा असो, वार्षिक सर्वसाधारण सभा असो की गावचा काला. आधी डोकी, मग पदार्थ, मग घड्याळ. सभेला येणाऱ्यांचा अंदाज गटवार आधी घेतला, भात घाण्याघाण्यानं टाकला आणि शेवटी किती शिजलं, किती उरलं हे फळ्यावर लिहिलं, तर सभासदांना ते पाहायला आवडेल.

आपल्या घरच्या कार्यात ज्यांनी असा हिशेब ठेवला असेल त्यांनी तो आम्हांकडे अवश्य पाठवावा: माणसं किती सांगितली, किती आली, शिधा किती लागला, काय उरलं. त्यातून आपल्या भागाचं म्हणून एक खरं माप तयार होईल, आणि पुढच्या वर्षी ज्याच्या घरी लेकीचं लगीन आहे त्याला ते उपयोगी पडेल.